'हाय नून'मध्ये गोळीबार शेवटी दहाच मिनिटं आहे, मग हा सिनेमा एवढा ग्रेट का?

तुम्ही लिहिलंय की 'हाय नून' बघितला, हिरो तासभर नुसता गावात चालत फिरतो, गोळीबार अगदी शेवटी आणि तोही पटकन उरकतात, मग लोक याला एवढं डोक्यावर का घेतात. मी विशीत पहिल्यांदा बघितला तेव्हा मलाही डिट्टो असंच वाटलेलं, कारण वेस्टर्न म्हटलं की घोडे, धुरळा, धडाधड पिस्तुलं एवढंच डोक्यात होतं. चाळिशीनंतर परत बघितला आणि तेव्हा कळलं की ते चालत फिरणं हाच तर सिनेमा आहे!

गोष्ट साधी आहे. हॅडलीव्हिल नावाचं छोटं गाव, तिथला मार्शल (गावचा पोलीसप्रमुखच म्हणा) विल केन, त्याचं नुकतंच लग्न लागलंय, नोकरी सोडून तो बायकोबरोबर निघालाय, आणि तेवढ्यात बातमी येते की त्यानेच जेलात पाठवलेला फ्रँक मिलर सुटलाय आणि बाराच्या ट्रेनने येतोय, त्याचे तीन साथीदार स्टेशनवर आधीच येऊन बसलेत. केन गाव सोडतो पण अर्ध्या वाटेतून परत येतो आणि मग दारोदार मदत मागत फिरतो.

आता पुढच्या वेळी बघाल तेव्हा फक्त एवढंच बघा, कोण काय कारण देऊन नाही म्हणतं. ज्या जज्जने मिलरला शिक्षा सुनावलेली तोच कोर्टातला झेंडा उतरवून, तराजू पिशवीत भरून पळतो. एक मित्र घरात लपून बसतो आणि बायकोला दारात खोटं बोलायला लावतो, त्या बाईच्या चेहऱ्यावरची लाज बघवत नाही. एक जण आधी स्वतःहून आलेला असतो, पण आपल्याशिवाय कोणीच नाही हे कळल्यावर त्याला बायकामुलं आठवतात. म्हातारा माजी मार्शल म्हणतो माझ्या हातात आता जोर नाही, आणि ते खरंच असतं. हॉटेलच्या क्लार्कला तर मिलरच्या काळात धंदा बरा चालायचा. आणि चर्चमधला सीन, तो मी कितीदा बघितलाय देव जाणे. लोक उठून उठून बोलतात, वाद घालतात, मग मेयर केनचं तोंडभरून कौतुक करतो, आता हा मदत करणार असं वाटतं, आणि त्याच दमात सांगतो की तू गाव सोडून जा, कारण रस्त्यावर गोळीबार झाला तर बाहेरचे लोक इथे पैसा गुंतवणार नाहीत. यातलं एकही कारण अगदीच खोटं नाही, म्हणून तर जास्त लागतं. अशा मीटिंगा आपण सगळ्यांनीच पाहिल्यात, मी स्वतः एकदा अशाच एका मीटिंगमध्ये मान खाली घालून गप्प बसलोय आणि ते अजून टोचतं.

हे सगळं इतकं खरं वाटतं त्याला कारण आहे. सिनेमा आला 1952 साली, तेव्हा अमेरिकेत कम्युनिस्ट शोधायची मोहीम जोरात होती. लेखक कार्ल फोरमनला हा सिनेमा बनत असतानाच संसदेच्या चौकशी समितीपुढे जावं लागलं, त्याने दुसऱ्यांची नावं सांगायला नकार दिला, हॉलिवूडचे दरवाजे बंद झाले आणि तो इंग्लंडला निघून गेला. जवळचे लोक कसे एकेक करून लांब होतात ते तो लिहिता लिहिताच भोगत होता. गंमत म्हणजे केनचं काम करणारा गॅरी कूपर स्वतः उजव्या विचारांचा, 1947 मध्ये त्याच समितीपुढे साक्ष दिलेला, तरी तो फोरमनच्या बाजूने बोलला. वेस्टर्नचा दुसरा मोठा स्टार जॉन वेन, त्याला मात्र सिनेमा बिलकुल आवडला नाही, पुढे त्याने याला अमेरिकाविरोधी वगैरे म्हटलं, आणि तरी कूपरला ऑस्कर मिळालं तेव्हा तो हजर नव्हता म्हणून ते घ्यायला स्टेजवर गेला तो जॉन वेनच!

टेक्निकल बाजूही बघा. सिनेमा 85 मिनिटांचा आणि गोष्टही साधारण तेवढ्याच वेळाची, साडेदहाच्या आसपास सुरू होते आणि बारानंतर थोड्या वेळाने संपते, म्हणून मागे घड्याळं सारखी दिसत राहतात. कॅमेरामन फ्लॉइड क्रॉसबीने आकाश मुद्दाम पांढरंफटक ठेवलंय, ढगबिग काही सुंदर नाही, जुन्या बातमीपटासारखं. कूपर तेव्हा पन्नाशीचा, अल्सरने बेजार, चेहऱ्यावरच्या सगळ्या सुरकुत्या तशाच दिसू दिल्यात. बारा वाजत आलेले असताना तो मृत्युपत्र लिहितोय, लंबक हलतोय, आणि संगीताच्या ठोक्यावर एकेक चेहरा, चर्चमधले, दारूच्या गुत्त्यातले, स्टेशनवरचे, एक रिकामी खुर्ची, आणि मग ट्रेनची शिट्टी. एडिटिंगचं ऑस्कर उगाच नाही मिळालं. नंतर तो रस्त्यावर एकटा उभा आणि कॅमेरा क्रेनवरून वर वर जातो, सगळं गाव दिसतं आणि दुसरा माणूस कुठेच दिसत नाही. माझ्या मते शेवटच्या गोळीबारापेक्षा हा शॉट कितीतरी भारी आहे.

आणि बायका! त्या काळच्या वेस्टर्नमध्ये बाईला खिडकीतून बघत रडण्यापलीकडे फारसं काम नसायचं, इथे केटी हुराडोची हेलन रामिरेझ गावातली सगळ्यात शहाणी व्यक्ती आहे, गाव काय करणार हे तिला सगळ्यांच्या आधी कळतं. ती आणि केन दोन वाक्यं स्पॅनिशमध्ये बोलतात, वर्षभरात भेट नाही वगैरे, तेवढ्यात त्यांचा सगळा जुना संबंध कळून जातो. ग्रेस केलीची एमी, म्हणजे केनची बायको, क्वेकर या ख्रिस्ती पंथाची, हिंसा न मानणारी, कारण तिचे वडील आणि भाऊ बंदुकीनेच गेलेत, आणि शेवटी नवऱ्याला वाचवायला तीच मिलरच्या एका साथीदाराला पाठीमागून गोळी घालते. गावातला एक पुरुष आला नाही, ही आली. त्यानंतर तिचा चेहरा बघा, जिंकल्याचं काहीसुद्धा नाही त्यावर.

सगळं संपल्यावर लोक घराघरांतून बाहेर येतात, केन एक शब्द बोलत नाही, छातीवरचा बिल्ला काढून धुळीत टाकतो आणि घोडागाडीत बसून निघून जातो. एकदा परत बघाच, जमलं तर एखाद्या रविवारी सकाळी बरोब्बर साडेदहाला लावा, मध्ये पॉज करू नका आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवा.