माळ्यावरचा स्पेक्ट्रम आणि आंब्याचा चोर

घर रंगवताना माळ्यावर वडिलांचा 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' हा जुना घरगुती कॉम्प्युटर सापडला. त्याचा अ‍ॅडॉप्टर हरवला आहे, पण घरातल्या राउटरचा नऊ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर त्यात बरोबर बसतो. लावून बघू का? – एक वाचक, मिरज

नका लावू! स्पेक्ट्रमलाही नऊ व्होल्टच लागतात, पण त्याच्या पिनेची मधली बाजू ऋण असते. हल्लीच्या बहुतेक अ‍ॅडॉप्टरांची मधली बाजू धन असते. पिन गुपचूप बसते आणि पुढचं सगळं उलटं होतं. हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. मित्राचा चालता स्पेक्ट्रम मी असाच एका संध्याकाळी शांत केला, आणि त्याच्या आईने केलेला चहा मान खाली घालून प्यायलो. मल्टिमीटर घेऊन कुणा जाणत्याकडून आधी ध्रुव तपासून घ्या. अ‍ॅडॉप्टर साधारण दीड अँपिअरचा हवा.

जपा मात्र. तुमच्याकडचं यंत्र इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या सिंक्लेअर कंपनीचं, पण पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन विकलेलं. मी माझं 1988 साली घेतलं. सायकल विकून घेतलं, असं घरी अजून ऐकवतात.

कळा दाबून काही उमटलं नाही तर घाबरू नका. कळांखालच्या प्लास्टिकच्या पडद्याची पट्टी इतक्या वर्षांत कडक होऊन तडकते. पडदा नवा मिळतो.

माझी तेरा वर्षांची मुलगी स्पेक्ट्रमवर स्वतःचा गेम करते आहे. पिवळा मुलगा हिरव्या झाडावरून गेला की झाडाचा तुकडाही पिवळा होतो. यंत्र बिघडलं आहे का? आणि बेसिक या त्यातल्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत खेळण्यासारखा गेम होतो का? – एक आई, नाशिक

यंत्र ठणठणीत आहे. मुलीला सांगा, तिला जे दिसलं ते 1982 पासून सगळ्यांना दिसत आलं आहे.

पडद्यावर 256 गुणिले 192 ठिपके असतात. रंग मात्र ठिपक्याला नसतो, आठ गुणिले आठच्या घराला असतो, आणि एका घरात दोनच रंग : एक शाईचा, एक कागदाचा. अशी घरं 768. ठिपक्यांना 6144 बाइट आणि रंगांना 768, एवढ्यात अख्खं चित्र बसतं. प्रत्येक ठिपक्याला आठांतला एक रंग द्यायचा म्हटलं तर 18,432 बाइट लागले असते, आणि सर्वांत स्वस्त स्पेक्ट्रमची सगळी मेमरीच 16,384 होती. चित्रच मावलं नसतं, मग गेम कुठे ठेवणार? ही काटकसर आपल्या घरांतल्यासारखीच आहे, म्हणून मला तिचा राग येत नाही.

मोठमोठ्यांनीही यातून वाट काढली. 1984 च्या 'नाइट लोअर' या गेममध्ये अख्खी खोली एकाच रंगात रंगवलेली असते, म्हणजे भांडणच नको. मी त्याच्या उलट सुचवतो : रंगालाच कामाला लावा.

माझा पहिला गेम 'आंब्याचा चोर'. काळ्या पडद्यावर हिरवी झाडं, पिवळे आंबे, पांढरा चोर, लाल राखणदार. सगळे एकेक घर सरकतात, अर्धं घर कुणी नाही, त्यामुळे रंग रंगात सांडत नाही. चित्रांसाठी चौकटीची गणिताची वही घ्यायची. आठ गुणिले आठचा चौकोन आखून भरलेल्या चौकटीला 1, रिकामीला 0, आणि एकेक ओळ बेसिकच्या 'बिन' या शब्दापुढे टाइप करायची. आंब्याची वरची ओळ 00011000, पोटाची 01111110. अशी एकवीस चित्रं स्वतःची करता येतात. मला सहा पुरली.

आता गंमत. चोराने पाऊल टाकायच्या आधी पुढच्या घरात काय आहे हे कसं कळणार? मी बेसिकमधलं 'स्क्रीन डॉलर' वापरलं, कारण पडद्यावरचं अक्षर ओळखायला तेच आहे असं पुस्तिकेत वाचलं होतं. दोन रात्री चोर झाडांतून आरपार जात राहिला. ते फक्त छापील अक्षरं ओळखतं. आपण काढलेल्या चित्राला रिकामं उत्तर देतं. तिसऱ्या रात्री 'अ‍ॅटर' सापडलं. घराची ओळ आणि रकाना दिला की ते रंगाचा आकडा सांगतं. काळ्या कागदावर हिरवी शाई म्हणजे 4, पिवळी 6, लाल 2, पांढरी 7. उत्तर 4 आलं तर झाड, जागीच थांबा. 6 आलं तर आंबा, गुण वाढवा. 2 आलं तर पकडले गेलात. 7 म्हणजे मोकळी वाट. त्यासाठी सोडलेल्या घरात पांढऱ्या शाईने एक रिकामी जागा छापायची. झाडं कुठे आहेत याची वेगळी यादी मी ठेवलीच नाही. पडदा हाच नकाशा.

एक खोड लक्षात ठेवा. आंबा खाल्ल्यावर 'बीप' वाजवाल, तर आवाज चालू असेपर्यंत राखणदारही थबकतो, कारण आवाज काढायला वेगळी चिप नाही, मुख्य प्रोसेसरच ते काम करतो. सेकंदाच्या शंभराव्या भागाचा बीप ठेवा. मी आधी अर्धा सेकंद ठेवला होता. माझी बहीण राखणदार जवळ आला की मुद्दाम आंबा खायची, आणि तेवढ्यात कुठली कळ दाबायची ते ठरवायची.

बेसिक सावकाश चालतं, म्हणून राखणदार दोनच ठेवा. तिसरा घातला की सगळे जेवून आल्यासारखे चालतात.

स्पेक्ट्रमचे गेम असलेल्या जुन्या कॅसेट लोड होत नाहीत. निळे-पिवळे पट्टे येतात आणि मग 'आर टेप लोडिंग एरर'. फेकून देऊ का? – एक वाचक, डोंबिवली

निळे-पिवळे पट्टे म्हणजे माहिती येते आहे, मध्येच कुठेतरी अडखळते आहे. आधी कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे फिरवा, टेपरेकॉर्डरचं हेड स्पिरिटने पुसा. मग हेडशेजारचा छोटा स्क्रू केसभर फिरवत आवाज ऐका. तो बोजड न राहता कर्कश, कानाला टोचणारा झाला की थांबा. शेजाऱ्यांची माफी आधीच मागून ठेवा.

लॅपटॉपवर 'फ्यूज' हे स्पेक्ट्रमची नक्कल करणारं सॉफ्टवेअर घालून स्पेक्ट्रमचे गेम खेळणं ही लबाडी आहे का? – एक विद्यार्थी, कोल्हापूर

मुळीच नाही. मी स्वतः आता लॅपटॉपवरच लिहितो, कारण खऱ्या यंत्रावर 'अ‍ॅटर' उमटवायला एक्स्टेंड मोड आणि मग सिंबल शिफ्टसह 'एल' दाबावं लागतं, आणि माझी बोटं आता तेवढी लवत नाहीत. गेम तयार झाला की त्याची ध्वनिफीत मोबाइलवर घेतो आणि हेडफोनच्या तारेने स्पेक्ट्रमच्या 'इअर' खाचेत सोडतो. आवाज जवळजवळ पूर्ण ठेवायचा. यंत्राची 48 के मेमरी भरून गेम असेल तर पाचेक मिनिटं लागतात, तेवढा वेळ मोबाइल विमान मोडवर ठेवा. माझ्या चौथ्या मिनिटाला मेव्हण्याचा फोन आला होता.