प्रश्नावली सोडून मुलाखती घेतल्या, तर मूलनिवासी ज्ञानावरील संशोधनाचे निर्वसाहतीकरण होते का?

मूलनिवासी समुदायाच्या वनौषधींच्या ज्ञानावर पीएचडी करताना प्रश्नावलीऐवजी मोकळ्या मुलाखती घेणे पुरेसे आहे का, असे तुम्ही विचारले आहे. माझ्या मते नाही. निर्वसाहतीकरण म्हणजे बाहेरच्या संशोधकानेच सगळे ठरवायचे ही वसाहतकालीन पद्धत मोडणे. संशोधनाचा प्रश्न कोणी ठरवला, माहिती कोणाच्या ताब्यात राहणार आणि ‘हे छापू नका’ असे सांगण्याचा अधिकार कोणाला, हे पूर्वीसारखेच राहिले तर मोकळ्या मुलाखतीतूनही माहिती उपसूनच नेली जाते.

अमेरिकेतील हवासुपाई जमातीचे प्रकरण यासाठी बारकाईने वाचावे. ॲरिझोना स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी 1990 पासून मधुमेहाच्या अभ्यासासाठी म्हणून या लोकांचे रक्तनमुने घेतले; संमतीपत्राची भाषा मात्र इतकी मोघम होती की त्याच नमुन्यांवर पुढे स्किझोफ्रेनिया आणि पूर्वजांचे स्थलांतर यांवरही काम झाले, आणि स्थलांतराचा सिद्धान्त तर जमातीच्या उत्पत्तिकथेलाच छेद देणारा होता. 2003 मध्ये एका पीएचडीच्या मौखिक परीक्षेला उपस्थित असलेल्या जमातीच्या सदस्येने ‘यासाठी परवानगी घेतली होती का’ असे विचारले, तेव्हा हे उघडकीस आले. 2010 मध्ये विद्यापीठाने 41 जणांना 7 लाख डॉलर देऊन तडजोड केली व नमुने परत केले. सह्या घेतलेल्या होत्या, हे विसरू नका.

म्हणून माहितीचा उपयोग बदलेल तेव्हा संमती नव्याने घ्यावी. कॅनडातील फर्स्ट नेशन्स या मूलनिवासी समुदायांची आपल्याबद्दलच्या माहितीसाठीची मालकी, नियंत्रण, उपलब्धता व ताबा ही चार तत्त्वे आणि दक्षिण आफ्रिकेतील मूलनिवासी सान लोकांनी 2017 मध्ये स्वतः प्रसिद्ध केलेली संशोधन-आचारसंहिता तुम्हांला नैतिकता समितीच्या अर्जापेक्षा अधिक उपयोगी पडेल (तो अर्ज बहुधा संस्थेच्या बचावासाठीच असतो).

‘समुदायाची संमती’ हे शब्दही भाबडेपणाने वापरू नयेत. केरळच्या कानी आदिवासींनी दाखवलेल्या आरोग्यपच्चा वनस्पतीपासून ‘जीवनी’ हे औषध तयार झाले, उत्पन्नातील वाटा त्यांना मिळावा म्हणून 1997 मध्ये न्यासही नोंदवला गेला आणि जगभर कौतुक झाले. पण हे ज्ञान खासगी कंपन्यांना विकण्यास कानींमधल्याच काही वैद्यांचा विरोध होता. त्यामुळे संमती देणारा कोणाच्या वतीने बोलतो आहे, हे आधी समजून घ्या.

आराखडा मंजुरीला पाठवण्यापूर्वीच समुदायापुढे ठेवा. त्यांनी विषयच नाकारला तर तो बदलावा लागेल, आणि ही शक्यता पहिल्याच वर्षी मार्गदर्शकांच्या कानावर घालून ठेवलेली बरी.