‘आपण काही काळे नाही, मग भीती कसली?’

कॅनडात टोरांटोतल्या स्कारबरोच्या एका आईचं पत्र आलंय. मुलगा २३ वर्षांचा, स्किझोफ्रेनियाचं निदान झालेला. लिहितात, ‘गोळ्या बंद केल्यात. रात्रभर येरझाऱ्या, भिंतीशी भांडण. हे म्हणतात, हाताबाहेर गेलं तर सरळ ९११ लावून पोलिसांना बोलावू. पोलिसांची भीती त्या लोकांना, आपण काही काळे नाही.’

ताई, जीव तुटतो वाचून. पण शेवटच्या वाक्यावर तुमच्या यजमानांशी भांडायचंय.

टोरांटोत २०१३ ते २०१७ या काळात पोलिसांच्या गोळीने मरण्याची शक्यता काळ्या माणसाला गोऱ्याच्या जवळजवळ २० पट होती. हे आपल्या ओंटारिओ प्रांताच्या मानवी हक्क आयोगाने लिहून ठेवलंय. ‘त्या लोकांना’ म्हणून हे बाजूला सारायचं? आणि एजाज चौधरी कोण होते? शेजारच्या मिसिसागा शहरातले, वय ६२, चार मुलांचे वडील, तोच आजार, इंग्रजी बेताचं. २० जून २०२०ला घरच्यांनी मदतीसाठी फोन केला. त्यांच्याजवळ सुरी होती म्हणून पोलीस आले, बाल्कनीवर चढले, दार लाथाडलं, गोळ्या घातल्या. पोलिसांवर फौजदारी खटला झाला नाही. रात्री अडीचला दारात उभ्या पोलिसाला तुमचं आडनाव कुलकर्णी आहे हे कुठून कळणार?

आता माझा कागद. नेहमीचे वाचक हसतील, हसू दे. एक पान घ्या. त्यावर मुलाला घरात काय हाक मारता, आजार, गोळ्या, डॉक्टरांचा नंबर, कशाने बिथरतो, कुणाचं ऐकतो, चिडला की इंग्रजी सोडून मराठीत जातो का, सगळं लिहा आणि फ्रीजवर लावा. माझ्या धाकट्या दिरांचा असा कागद आमच्याकडे कित्येक वर्षं आहे. पाहुणे येणार म्हणून जाऊबाईंनी तो ड्रॉवरमध्ये कोंबला, तर सासूबाईंनी काढून परत लावला. म्हणाल्या, ‘पाहुणे फ्रीज बघायला येतात की माणसं?’ पुढे दीर बिथरले तेव्हा शेजारच्या तमिळ काकूंनीच तो कागद फोनवर वाचून दाखवला. आम्ही कुणी घरी नव्हतो. आजार लपवला असता तर त्या काय वाचणार होत्या?

कागदावर सगळ्यात वर २११ लिहा. टोरांटोत या नंबरावर चोवीस तास मानसिक संकटासाठी वेगळं पथक मिळतं, १६ वर्षांवरच्या कुणालाही, फुकट. पोलीस नाही, प्रशिक्षित माणसं घरी येतात. ही सेवा २०२२मध्ये सुरू झाली आणि आता शहरभर आहे. तुम्ही इतकी वर्षं राहताय आणि माहीत नाही! जिवावर बेतलं तर ९११ला पर्याय नाही, पण पहिल्याच वाक्यात आजार सांगा, हत्यार नसेल तर तेही सांगा, आणि ‘क्रायसिस टीम पाठवता येईल का’ विचारा. सुऱ्या आजच कुलपात ठेवा. गोळ्या बंद झाल्याचं डॉक्टरांना उद्या सकाळीच कळवा, पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका.

बाकीचं थोडक्यात. ‘लग्न लावून दिलं तर ताळ्यावर येईल का?’ नाही. दुसऱ्याच्या मुलीला औषध समजू नका. पुण्याच्या नणंदेला काय सांगू? खरं सांगा, नाहीतर व्हिडिओ कॉल उचलू नका. मंडळाच्या गणपतीला न्यावं का? त्याला यायचं असेल तर न्या, पण ढोल संपल्यावर, जेवणाच्या वेळी.