भीती वाटते, म्हणजे माझा विश्वास कमी पडतोय का?

"मॅडम, मी प्रभूची आहे. मग मला एवढी भीती का वाटते?" माझ्याकडे समुपदेशनाला येणारी ख्रिस्ती माणसं हा प्रश्न फार वेळा विचारतात, आणि विचारताना त्यांचा आवाज खाली जातो. कुणाची नोकरी गेलेली असते, कुणाची बदली झालेली असते, कुणाचा मुलगा परदेशी निघालेला असतो. प्रत्येकाचा बदल वेगळा, पण त्यावर चढलेलं दुसरं ओझं मात्र सगळ्यांचं एकच: मी चिंता करते, म्हणजे मी देवावर अविश्वास दाखवते. हे दुसरं ओझं माणसाला पहिल्यापेक्षा जास्त खचवतं, असं माझं ठाम मत झालं आहे.

एका बाईंची गोष्ट सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्यांना सगळे सिस्टर म्हणत, मीही तेच म्हणते. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जुन्या मिशन हॉस्पिटलात त्यांनी नर्स म्हणून उमेदीची सगळी वर्षं घालवली. लग्न होऊन आल्या त्या मिशन कंपाउंडमधल्या क्वार्टरमध्येच, मुलंही तिथेच वाढली. मग हॉस्पिटलचा कारभार दुसऱ्यांकडे गेला, जुन्या स्टाफला घरी बसावं लागलं आणि क्वार्टर रिकामं करायची नोटीस आली. पन्नाशी ओलांडलेली, नवरा आधीच निवृत्त, मुलगी पिंपरीत भाड्याच्या घरात.

झोप तीन वाजता मोडायची. छातीत धडधड, हाताला घाम. रविवारी उपासनेनंतर मात्र त्या हसून साक्ष द्यायच्या की प्रभू सगळं बघून घेईल. एकदा बहिणींच्या सभेत त्यांनी प्रार्थनेची विनंती केली, तेव्हा एका वडीलधाऱ्या बाईंनी प्रेमानेच सांगितलं, "चिंता म्हणजे अविश्वास गं, पश्चात्ताप कर." त्या दिवसापासून सिस्टरनी प्रार्थनेची विनंती करणंच सोडलं. देवाशीसुद्धा त्या नुसतं बरं बरं बोलू लागल्या.

मी आधी त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं. आयुष्यभर दुसऱ्यांचे बीपी तपासणाऱ्या या बाईंनी स्वतःची रक्ततपासणी कित्येक वर्षांत केली नव्हती. पाळी बंद होण्याच्या वयात धडधड आणि निद्रानाश होऊ शकतो, थायरॉईड वाढलेलं असलं तरी तेच होतं. ते तपासण्याआधीच त्याला आत्मिक दुर्बलता म्हणणं हा त्या बाईंवर अन्याय आहे. सिस्टरचं थायरॉईड ठीक निघालं. झोपेसाठी डॉक्टरांनी थोडे दिवस औषध दिलं, ते घ्यायला त्या कचरत होत्या. मी त्यांना एलीयाचा अध्याय उघडायला सांगितला, १ राजे १९. कर्मेल डोंगरावर एवढा विजय मिळवलेला हा संदेष्टा ईजबेल राणीच्या धमकीने बैरशेब्याकडे पळतो, झुडपाखाली बसतो आणि मरण मागतो. देवदूत त्याला काय देतो? निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं. तो खातो, झोपतो, पुन्हा उठवून त्याला खायला दिलं जातं, कारण पुढची वाट त्याच्या ताकदीपलीकडची आहे. विश्वास का डळमळला, असं त्या झुडपाखाली त्याला कुणी विचारत नाही. सिस्टर बराच वेळ त्या ओळींवर बोट ठेवून बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे आधी जेवण आणि झोप." नर्सला हे पटायला वेळ लागला नाही.

पण मनातला निकाल अजून बाकी होता. फिलिप्पैकरांस पत्रातलं चिंता करू नका हे वचन त्यांना लहानपणापासून पाठ होतं आणि तेच आता त्यांना आरोपासारखं टोचत होतं. म्हणून आम्ही ते लिहिणाऱ्या पौलाकडे गेलो. तो हे बंदिवासातून लिहितो आहे. त्याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायात तो सांगतो की त्याचा सहकारी एपफ्रदीत मरणाच्या दारातून परत आला, देवाने दया केली, नाहीतर माझ्या दुःखात दुःखाची भर पडली असती. आता त्याला तुमच्याकडे पाठवतो, म्हणजे माझंही दुःख हलकं होईल. करिंथकरांना तर तो उघड लिहितो की सगळ्या मंडळ्यांची चिंता मला रोज असते, आणि मासेदोनियात आलो तेव्हा बाहेर भांडणं आणि आत भीती होती. चिंता करू नका असं सांगणाऱ्या माणसाचं हे मन आहे. क्रूसाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत तर स्वतः प्रभू अतिशय खिन्न झाला, हा दुःखाचा प्याला टळून जावो असं त्याने मागितलं, आणि तीन शिष्यांना सोबत जागं राहायला सांगितलं. त्या विनंतीत अविश्वास होता, असं कोण म्हणेल? मग भीती आत आली म्हणून विश्वास बाहेर गेला, हा हिशेब बायबलमधला नाही. ती भीती घेऊन आपण कुणाकडे जातो, एवढंच तिथे पाहिलं जातं.

त्यांच्या स्वयंपाकघरात वचनाचं कॅलेंडर होतं, त्यावर यिर्मया २९:११. देवाचे आपल्याविषयीचे संकल्प हिताचे आहेत, आशा देणारे आहेत. आपल्याकडे हे वचन घरोघरी टांगलेलं असतं. मी त्यांना दहावं वचनही मोठ्याने वाचायला सांगितलं. तिथे सत्तर वर्षं आहेत. बंदिवान करून बाबेलला नेलेल्या यहूदी लोकांना यिर्मया संदेष्टा लिहितो की लवकर परत जाल या भ्रमात राहू नका, घरं बांधा, मळे लावा, लग्नं करा, ज्या नगरात तुम्हाला नेलं त्याच्या हितासाठी प्रार्थना करा. म्हणजे आशेचं ते वचन ज्यांना मिळालं, त्यांच्यातल्या पुष्कळांनी परतीचा दिवस पाहिलाच नाही. सिस्टर गप्प झाल्या. मलाही हे सांगणं सोपं जात नाही. पण नोकरी नक्की मिळेल, क्वार्टर वाचेल, असं वचन मी देवाच्या नावाने देऊ शकत नाही. दानीएलाच्या पुस्तकातले ते तिघे, राजाच्या मूर्तीला नमन करायला नकार दिलेले, पेटत्या भट्टीसमोर उभे राहून म्हणतात की आमचा देव सोडवायला समर्थ आहे, आणि त्याने नाही सोडवलं तरी आम्ही मूर्तीपुढे वाकणार नाही. भरवसा त्या दुसऱ्या अर्ध्यातही आहे.

मग कामाला लागलो. एक वही, डाव्या पानावर आज हाताने करता येण्यासारखं, उजव्या पानावर आज आपल्या हातात नसलेलं. संध्याकाळच्या कुटुंबप्रार्थनेआधी वीस मिनिटं वही भरायची, रात्री तीनला विचार आला तर त्याला उद्याच्या वहीची वेळ द्यायची. उजवं पान प्रार्थनेत एकेक ओळ घेऊन वाचायचं, गुळमुळीत न करता. डाव्या पानावर पहिलं काम आलं पीएफ कार्यालयाचं. निवृत्तिवेतनाचं काय होणार, या धास्तीत त्या महिनोन्महिने होत्या, पण चौकशी केली नव्हती. तिथे कळलं की ईपीएसचं, म्हणजे पीएफसोबतच्या पेन्शन योजनेचं, पूर्ण पेन्शन ५८ व्या वर्षापासून असतं, सेवेची दहा वर्षं झालेली असली तर पन्नाशीनंतर आधीही घेता येतं, मात्र आधी घेतलेल्या दर वर्षामागे ४ टक्के कमी होतं. आकडा लहानच होता, पण आता तो आकडा होता, राक्षस नव्हता. त्यांनी थांबायचं ठरवलं आणि पिंपरीत होम नर्सिंगची कामं शोधायला सुरुवात केली.

अरण्यात देवाने इस्राएली लोकांना रोज दिलेलं अन्न, म्हणजे मान्ना, याचा विषय मी अशा वेळी हमखास काढते. माणशी एक ओमर, हे तेव्हाचं माप, त्या दिवसापुरता. उद्यासाठी लपवून ठेवला तर किडे पडायचे, फक्त शब्बाथाच्या आदल्या दिवशी दुप्पट मिळायचा. सिस्टर पुढच्या दहा वर्षांची कृपा आजच मागत होत्या आणि ती मिळत नाही म्हणून घाबरत होत्या.

सगळ्यात जास्त वेळ मात्र एका वेगळ्याच गोष्टीला लागला. घर सोडण्याचं रडू त्यांनी कधी येऊच दिलं नव्हतं. कंपाउंडमागच्या दफनभूमीत त्यांच्या सासूबाईंची कबर होती आणि त्यांचा एक तान्हा मुलगाही तिथेच. ईस्टरच्या पहाटे फुलं घेऊन कोण जाणार, हे त्यांनी माझ्यापुढे पहिल्यांदा बोलून दाखवलं, तेव्हा नोकरी आणि पैसा हे विषय कुठल्या कुठे गेले. मी वचन सांगायची घाई केली नाही. त्या रडल्या. नंतर आम्ही ८८ वं स्तोत्र वाचलं, जे अंधाराच्या शब्दावरच संपतं आणि तरी प्रार्थनेच्या पुस्तकात मानाने बसलेलं आहे. ते वाचून त्या म्हणाल्या, "मला वाटायचं, देवासमोर असं बोलायचं नसतं." त्या आठवड्यात त्या नवऱ्यासोबत कबरींवर गेल्या, गवत काढलं, आणि कंपाउंडशेजारी राहणाऱ्या एका मावशींना दर ईस्टरला दोन्ही कबरी साफ करायला सांगून आल्या. मावशी हो म्हणाल्या, वर रागावल्या की हे सांगावं का लागलं.

आपल्या मराठी ख्रिस्ती घरांत बदलाची भीती नवी नाही. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा संसार एका दिवसात उलटापालटा झाला. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा झाला १९०० साली. मधल्या वर्षांत वियोग होता, सोवळ्याओवळ्याची ओढाताण होती, माहेर-सासरचा ताण होता, आणि प्रत्येक बंधन त्यांनी आपल्या वेगाने सोडलं. त्या वर्षांना कुणी वाया गेलेली म्हणत नाही. सिस्टरना हे मी सांगितलं, कारण मंडळीतल्या काही जणी त्यांच्याकडून पुढच्या रविवारीच विजयाची साक्ष मागत होत्या. पाळकसाहेबांनी मात्र चांगलं केलं. घरी आले, बराच वेळ ऐकून घेतलं, थोडकीच प्रार्थना केली आणि टेम्पोवाल्याचा नंबर देऊन गेले.

आता त्या पिंपरीत आहेत. एका आजींच्या देखभालीचं काम मिळालं आहे. जवळच्या चर्चमध्ये मराठी उपासनेला जातात, तिथे अजून ओळखी व्हायच्या आहेत. झोप महिन्यातून दोन-तीनदा मोडते. मागच्या भेटीत त्यांनी विषय काढला तो स्वतःचा नव्हता. "यांनी अजून क्वार्टरचं नावसुद्धा काढलेलं नाही, मॅडम. दिवसभर टीव्हीसमोर बसतात आणि प्रार्थनेला उठून गॅलरीत जातात." मी विचारलं, ते येतील का? त्या म्हणाल्या, चिंता म्हणून येणार नाहीत, पण पेन्शनचे कागद समजून घ्यायचेत म्हटलं तर येतील. पुढच्या गुरुवारी दोघांना एकत्र बोलावलं आहे.