शेकोटी घरात आणताय? आधी धुराचं बघा

बेळगावजवळच्या जांबोटीच्या घरात फायरप्लेस बसवताय, झकास! पण मॉडेल नंतर, आधी धुराची वाट ठरवा. लाकडाची हवी असेल तर चिमणी छपराच्या वर निघालीच पाहिजे. आपल्याकडच्या पावसात तिला टोपीही हवी, नाहीतर राखेचा चिखल होतोय बघा. मी केलाय. बेळगावातल्या फ्लॅटला इलेक्ट्रिकच बरी. 2000 वॅटच्या हीटरला 16 अँपिअरचा सॉकेट द्या, एक्स्टेंशन बोर्ड अजिबात नको.

नवखे हमखास चुकतात ते इथं:
- ओलं लाकूड. वर्षभर वाळलेलं घ्या.
- खिडक्या गच्च बंद. लाकूड जळताना निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो, कळतच नाही.

सामानात चिमटा, ठिणग्या अडवणारी जाळी आणि राखेसाठी झाकणाची लोखंडी बादली पुरे. राखेतला निखारा दुसऱ्या दिवशीही जिवंत असतो. शोभेचं पितळी सामान पुढच्या थंडीला घ्या की!