फायब्रोमायॅल्जियाचं दुखणं आणि गोळ्यांपलीकडचे उपाय

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. कळव्याहून रोज ऐरोलीला नोकरीला जाता, दोन वर्षं सगळं अंग ठणकतंय, रिपोर्ट नॉर्मल येतात, प्रेगाबालिनने (नसांच्या दुखण्यावरची गोळी) दिवसभर गुंगी असते, घरचे म्हणतात मनाचे खेळ आहेत. आणि आता गोळ्या बंद करून २१ दिवसांचं पंचकर्माचं पॅकेज घ्यावं का, असं विचारलंय. मी नौपाड्यात राहते, हेच दुखणं, म्हणजे फायब्रोमायॅल्जिया (सगळं अंग सतत दुखत राहण्याचा आजार), घेऊन मला ११ वर्षं झाली.

आधी घरच्यांबद्दल. २००२ साली अमेरिकेत अशा रुग्णांच्या अंगठ्याच्या नखावर दाब देऊन एमआरआयमध्ये मेंदू पाहिला होता. निरोगी माणसाला जितक्या दाबाने दुखतं त्याहून बऱ्याच कमी दाबात यांच्या मेंदूतल्या वेदनेच्या जागा जाग्या झाल्या. म्हणजे दुखणं खरंच असतं. आमच्या डॉक्टरांनी मला सांगितलं होतं, गेटवरचं कुत्रं चोर आला तरी भुंकतं आणि पान हललं तरी भुंकतं, तसं तुमच्या नसांचं झालंय. हे मी नवऱ्याला समोर बसवून ऐकवलं, तेव्हापासून घरातलं बोलणं बदललं. तुम्हीही पुढच्या खेपेला घरातलं कुणीतरी सोबत न्या.

गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. प्रेगाबालिन एकदम थांबवलं तर झोप उडते, मळमळतं, घाम सुटतो, जीव घाबरा होतो. गुंगीची तक्रार डॉक्टरांना स्पष्ट सांगा. डोस कमी करणं, वेळ बदलणं, दुसरं औषध देणं, हे सगळं त्यांच्या हातात असतं. थायरॉइड आणि ड जीवनसत्त्व तपासलं नसेल तर तेही विचारा. सांधे सुजले, ताप राहू लागला, वजन उतरलं किंवा एखाद्या हातापायातला जोर गेला, तर ते फायब्रोमध्ये ढकलू नका, लगेच दाखवा.

आता पॅकेज. मीही एका ठिकाणी आगाऊ पैसे भरून गेले होते. तिसऱ्या दिवशी इतकं जोरात मर्दन केलं की पुढचे आठ दिवस मला केस विंचरायला हात वर नेता येईना. वाईट याचं वाटतं की तेल मला मानवतं! सासूबाई कोमट तिळाचं तेल पाठीला हलक्या हाताने लावायच्या, त्या रात्री झोप लागायची. तेव्हा तेल लावा, पण हात हलका हवा आणि दुखलं की थांबवणारं माणूस हवं. आणि बिननावाच्या पुड्या कुणीही दिल्या तरी घेऊ नका. दोन दिवसांत चमत्कार करणाऱ्या पुडीत बऱ्याचदा स्टेरॉइड सापडतं.

युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांनी २०१६ साली सगळे उपाय तपासून शिफारशी ठरवल्या, त्यात एकाच गोष्टीला ठाम होकार मिळाला: व्यायाम. गरम पाण्यातले उपचार, ॲक्युपंक्चर, योग, ताई ची, विचारांवर काम करणारं समुपदेशन यांनाही होकार आहे, पण सौम्य. माझा अनुभव अगदी तसाच. फक्त व्यायाम म्हणजे जिम नव्हे. मी सोसायटीच्या आवारात पाच मिनिटांपासून सुरुवात केली आणि दर आठवड्याला एक-दोन मिनिटं वाढवली. कचराळी तलावाला एक पूर्ण फेरी मारायला मला तीन महिने लागले. पहिले दोन आठवडे अंग जास्त दुखलं, तेव्हा वेळ कमी केली पण चालणं सोडलं नाही. सूर्यनमस्कार सुरुवातीला अजिबात नको. मार्जारासन, शवासन, सावकाश सोडलेला श्वास एवढं पुरे.

मला सर्वांत जास्त फरक पडला तो बऱ्या दिवशी स्वतःला आवरल्याने. आपण बायका काय करतो, एक दिवस बरं वाटलं की माळा काढतो, डबे घासतो, दिवाळीचा सगळा फराळ एका दमात करतो. मग चार दिवस अंथरुणात. आता मी २० मिनिटांचा गजर लावते. गजर वाजला की हातातली चकली अर्धी असली तरी बसते. कणीक सकाळी नाही, रात्री मळते, तीही बसून. तुमच्या बाबतीत ठाण्याला उतरून नऊ-दहा नंबरच्या फलाटावर पोहोचायची धावपळ हाच ताकदीचा रोजचा मोठा खर्च आहे. एक गाडी आधीची पकडा, पुलावर घाई करू नका, ऑफिसमध्ये आठवड्यातून दोन दिवस घरून काम मिळतं का ते विचारा.

गरम पाण्याने मला आराम पडतो, अंघोळीनेसुद्धा. वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या कुंडांवर मी दोनदा जाऊन आले, दोन दिवस अंग मोकळं वाटलं. कायमचा उपाय म्हणून जाऊ नका आणि रक्तदाब असेल तर आधी विचारा.

झोपेची वेळ मात्र रविवारीही पाळा. रात्र बिघडली की दुसऱ्या दिवशी माझं दुखणं हमखास वाढतं.

पॅकेजचे पैसे अजून भरले नसतील तर थांबा. दोन आठवडे एका वहीत तीनच गोष्टी लिहा: किती झोपलात, किती चाललात, दुखणं दहापैकी किती. ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा. आणि पहिली पाच मिनिटं चाललात की मला नक्की कळवा.