वार पाहून फोडलेले अंडे

चि. सई हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या वसतिगृहाच्या सामायिक स्वयंपाकघरात शेजारच्या खोलीतील मुलीने तुला विचारले की, तुमच्या मराठी घरांत सकाळी अंडी कशी करतात, आणि तुला पोहे-उपम्यापलीकडे काही सांगता आले नाही. म्हणून तू मला विचारले आहेस की आपल्याकडे नाश्त्याला अंडे खरोखरच असते का, आणि असल्यास सकाळी नऊच्या तासापूर्वी उरकेल असे त्यातले काय करता येईल. पत्राच्या शेवटी, कंसात, तू आणखी एक प्रश्न घातला आहेस: आजी सोमवारी अंड्याला हात का लावू देत नाही? मला तो कंसातला प्रश्नच मुख्य वाटतो, परंतु क्रमाने लिहितो.

अंडे आपल्याकडे असते, मात्र इंग्लंडमधील न्याहारीच्या ताटात ते जसे स्वतंत्रपणे मधोमध मांडलेले असते, तसे ते आपल्याकडे सहसा नसते. मराठी घरातील सकाळचे खाणे धान्यावर उभे आहे: देशावर पोहे, सांजा, भाकरी किंवा रात्रीची उरलेली पोळी, आणि तुझ्या आईच्या मालवणकडे घावन किंवा आंबोळी. अंडे या धान्याच्या जोडीला येते, आणि येताना कांदा, हिरवी मिरची, हळद, तिखट व कोथिंबीर यांच्यातून येते, म्हणजे आपण त्याची जवळजवळ भाजीच करतो. तळलेले अंडे सुरीकाट्याने खाणे आणि भुर्जी पोळीच्या तुकड्यात धरून खाणे यांतला फरक केवळ मसाल्याचा नाही, जेवणाच्या रचनेचा आहे. हे तुझ्या मैत्रिणीला समजावून सांगितलेस की पुढच्या सर्व कृतींचे कारण तिला आपोआप कळेल.

आता वारांविषयी. हिंदू मराठी घरांत अंडे हे सामिषच समजले जाते. त्यात जीव असतो की नसतो हा वाद आपल्याकडे जेवणाच्या वेळी कोणी घालत नाही. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा किंवा देवीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. यांपैकी कोणता वार पाळायचा हे प्रत्येक घराच्या उपास्य देवतेवर आणि रिवाजावर अवलंबून असते. बहुतेक घरांत मिळून बुधवार, शुक्रवार आणि रविवार एवढे तीन वार मोकळे राहतात. त्यातून चतुर्थी किंवा एकादशी आली तर तोही दिवस जातो, आणि श्रावण लागला की महिनाभर प्रश्नच मिटतो; काही घरे तर चातुर्मास पाळतात. आषाढ अमावास्येला गटारीच्या नावाने जो सामिष जेवणाचा सोहळा होतो, तो याच महिनाभराच्या निरोपाचा. तेव्हा "मराठी माणसे नाश्त्याला अंडे खातात का" या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर घड्याळात नाही, पंचांगात आहे.

आपल्या साताऱ्याच्या घरी आणखी एक गोष्ट होती. आजीच्या गळ्यात तुळशीची माळ आहे, म्हणजे ती वारकरी आहे, आणि माळ घातली की मांस, मासे व अंडी सुटतात. तिने आम्हां मुलांना अंडी खाण्यास कधीच मनाई केली नाही, परंतु त्यासाठी वेगळा तवा, वेगळा झारा आणि मागच्या दारी वेगळी चूल असे; तो तवा स्वयंपाकघरात येत नसे आणि घरातल्या घासणीनेही घासला जात नसे. मालवणला मात्र असा वेगळा तवा नव्हता. तिथे रात्रीचे अंड्याचे सांबारे उरले तर सकाळी घावनाबरोबर संपवले जाई आणि त्याचे कोणालाही विशेष वाटत नसे, पण सोमवारी तिथेही चूल निरामिषच असे. यावरून "मराठी पद्धत" अशी एकच पद्धत नाही, एवढे तुझ्या लक्षात येईल. ज्या घरांत वार पाळले जात नाहीत अशीही पुष्कळ मराठी घरे आहेत, आणि मराठी बोलणारी ख्रिस्ती व मुसलमान घरे तर आहेतच.

अंडे रोजचे व्हावे म्हणून प्रयत्न झाले ते बरेच अलीकडचे. 1982 मध्ये कुक्कुटपालन उद्योजक बी. व्ही. राव यांच्या पुढाकाराने नॅशनल एग कोऑर्डिनेशन कमिटी ही अंडी-उत्पादकांची संस्था स्थापन झाली आणि "संडे हो या मंडे, रोज खाओ अंडे" ही तिची जाहिरात दूरदर्शनमुळे घरोघरी पोहोचली. संडेला आजीची हरकत नव्हती. मंडेवर मात्र ती दर वेळी काहीतरी पुटपुटत असे.

ज्यांच्या घरी अंडे शिजत नसे ते बाहेर खात, आणि मराठी शहरी माणसाचा अंड्याचा नाश्ता खरा घडला तो तिथेच. मुंबईत धोबी तलावाजवळचे 1904 पासूनचे कयानी किंवा पुण्यात डेक्कनवरचे 1935 पासूनचे गुडलक, अशा इराणी हॉटेलांत सकाळी चहाबरोबर ऑम्लेट-पाव, मस्का लावलेला ब्रून म्हणजे कडक पाव आणि अंड्याचे इतर प्रकार मिळतात. 1930 मध्ये सुरू झालेल्या डेक्कन क्वीनच्या भोजनडब्यातील ऑम्लेट आणि चीज टोस्ट ही पुणे-मुंबई रोजचा प्रवास करणाऱ्या कित्येक पिढ्यांची न्याहारी आहे, आणि त्या प्रवाशांपैकी किती जणांच्या घरी ते ऑम्लेट चालले असते याची मला नेहमी गंमत वाटते. गोव्यात गाड्यांवर ऑम्लेटवर शागुतीचा रस ओतून पावाबरोबर देतात, त्याला रॉस ऑम्लेट म्हणतात. तो प्रकार मुळात संध्याकाळचा आहे, परंतु रात्रीचा कोंबडीचा रस्सा उरला असेल तर सकाळी करण्यास काहीच हरकत नाही.

आता प्रत्यक्ष कृती. तुझ्यासाठी सर्वांत उपयोगाची भुर्जी, म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहितो. एका माणसाला दोन अंडी, एक लहान कांदा, अर्धा टोमॅटो, एक हिरवी मिरची, चिमूटभर हळद, पाव चमचा लाल तिखट आणि मूठभर कोथिंबीर पुरते. तिखटाऐवजी आजीने पाठवलेला कांदा-लसूण मसाला वापरलास तर मीठ हात राखून घाल, कारण त्या मसाल्यात मीठ असते. कांदा रात्रीच बारीक चिरून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवलास तर सकाळचा अर्धा वेळ वाचतो. दोन चमचे तेलात आधी मिरची व कांदा घालावा आणि कांदा गुलाबी होऊ द्यावा. तो कच्चा राहिला तर पुढे कितीही परतले तरी भुर्जीला कचकचीत गोडसरपणा राहतो. मग टोमॅटो, हळद, तिखट व मीठ घालून टोमॅटो पूर्ण गळेपर्यंत आणि कडेने तेल दिसेपर्यंत थांबावे. इथे घाई करू नकोस, कारण भुर्जीला पाणी सुटते त्याचे निम्मे कारण हा न आटलेला टोमॅटो असतो.

उरलेले निम्मे कारण आच. अंड्याचा पांढरा भाग साधारण 62 अंश सेल्सिअसला गोठू लागतो आणि पिवळा बलक 65 ते 70 अंशांच्या दरम्यान घट्ट होतो. त्यापुढे जितके तापवावे तितकी त्यातील प्रथिने आवळत जातात आणि धरलेले पाणी बाहेर सोडतात. म्हणून अंडी घालण्यापूर्वी आच मंद करावी, अंडी थेट तव्यावर फोडावीत, क्षणभर तशीच राहू द्यावीत आणि मग झाऱ्याने मोडत परतावीत. आधी फेटून घेतल्यास भुर्जी एकसारखी पिवळी व मऊ होते. गाडीवरच्या भुर्जीत जे पांढरे-पिवळे वेगळे तुकडे दिसतात ते हवे असतील तर फेटू नये. मला दुसरी अधिक आवडते. किंचित ओलसर असतानाच तवा उतरवावा, कारण तापलेल्या तव्यावर ती आणखी थोडी शिजतेच. तुमच्या स्वयंपाकघरात धुराची घंटा संवेदनशील आहे असे तू लिहिले होतेस, तर तेलातून धूर निघेपर्यंत थांबू नकोस, आणि मिरची टाकण्यापूर्वी खिडकी उघड. मिरचीच्या ठसक्याने साऱ्या मजल्याला पहाटे अंगणात उभे करणे बरे दिसणार नाही.

भुर्जीबरोबर पाव न मिळाल्यास दुकानातले मऊ पांढरे रोल मधोमध कापून, लोणी लावून त्याच तव्यावर शेकून घे. भाकरी मिळाली तर पावाकडे पाहूही नये, असे माझे मत आहे.

शिळी पोळी असेल तर त्याहून सोपा मार्ग आहे, आणि शाळेत असताना आमच्या डब्यात तोच असे. एक अंडे मीठ, तिखट व कोथिंबीर घालून फेटावे, तेल लावलेल्या तव्यावर पोळीएवढे पसरावे, ते ओले असतानाच वर पोळी ठेवून हाताने हलके दाबावी, आणि खालची बाजू सुटली की उलटून पोळीची बाजू शेकावी. वर कच्चा कांदा आणि थोडे लिंबू घालून गुंडाळी केली की ती बसमध्ये उभ्यानेही खाता येते. पोळीऐवजी तिथे मिळणाऱ्या गव्हाच्या टॉर्टियाही चालतात. ऑम्लेट-पावाचेही तंत्र हेच: कांदा-मिरचीचे ऑम्लेट अर्धवट ओले असताना उघडलेला पाव त्यावर दाबायचा आणि दोन्ही एकदम उलटायचे.

आदल्या दिवशीची भाजी उरली असेल तर पारशी लोकांचे ऐक. मुंबईच्या पारशी घरांत भाजीवर अंडे फोडून शिजवण्याची जुनी रीत आहे. बटाट्यावर केले तर पपेटा पर ईडू, भेंडीवर केले तर भिंडा पर ईडू. तुझी सुकी बटाट्याची भाजी तव्यात सारखी पसरावी, पळीने दोन खळगे करावेत, त्यांत एकेक अंडे फोडून वर मीठ-मिरपूड भुरभुरावी आणि झाकण ठेवून मंद आचेवर चार-पाच मिनिटे ठेवावे. या सर्वांत कमी मेहनतीचा आणि पाहुण्यांसमोर सर्वांत चांगला दिसणारा प्रकार हाच.

उकडलेल्या अंड्याविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. उकळत्या पाण्यात सात मिनिटांत बलक मऊ राहतो, अकरा मिनिटांत घट्ट होतो. नंतर लगेच गार पाण्यात टाकावे. फार वेळ उकडले की बलकाभोवती हिरवट कडे येते, ते बलकातील लोह आणि पांढऱ्यातील गंधक यांच्या संयोगाचे असते. ते अपायकारक नाही, पण चव उतरते. अगदी ताज्या अंड्याचे कवच नीट सुटत नाही, म्हणून उकडण्यासाठी आठवडाभर जुनी अंडी घ्यावीत.

हाफ-फ्राय खाऊ का, असे तू मागे विचारले होतेस. ब्रिटनमध्ये कवचावर लाल सिंहाचा शिक्का असलेली अंडी साल्मोनेला या रोगजंतूविरुद्धची लस टोचलेल्या कोंबड्यांची असतात आणि 2017 मध्ये तेथील फूड स्टँडर्ड्स एजन्सीने ती गरोदर स्त्रियांना व लहान मुलांनाही कमी शिजवलेली चालतील असे सांगितले. तेव्हा शिक्का पाहून खुशाल खा. साताऱ्याला गेल्यावर मात्र पूर्ण शिजलेलेच खात जा.

तू सोमवार पाळावास असा माझा आग्रह नाही; आजीचाही नाही, मी तिला फोनवर विचारले. तिचे म्हणणे एवढेच की, ती उन्हाळ्यात इथे येईल तेव्हा तिच्या पोळ्यांचा तवा आणि तुझा भुर्जीचा तवा वेगळे असावेत. तेवढे आपण करू. दोन तवे घ्यायला असे किती पैसे लागतात?

तुझी एक मैत्रीण प्राणिज काहीच खात नाही असे तू लिहिले आहेस, तर तिला आपले टोमॅटो ऑम्लेट करून घाल, ज्यात नावाखेरीज ऑम्लेटचे काहीही नाही आणि जे आजी सोमवारीही खाते. एक वाटी बेसनात दोन चमचे तांदळाचे पीठ, एक बारीक चिरलेला टोमॅटो, अर्धा कांदा, मिरची, कोथिंबीर, हळद, चिमूटभर ओवा व मीठ घालून धिरड्यासारखे सरसरीत भिजवावे. तेल लावलेल्या तव्यावर पळीने पसरून झाकण ठेवावे, कडा सुटल्या की उलटावे. पहिले बहुधा तव्याला चिकटते; ते तू खा, आणि तिला दुसरे वाढ.

कळावे.
तुझा बाबा